शॉकअप नवे, अलाइनमेंट ताजं, तरी गाडी वळणावर अंग टाकते

तक्रारीचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. वळणावर गाडी अंग टाकते, म्हणजे बाहेरच्या बाजूला झुकते, वेगात लेन बदलली की मागचा भाग उशिरा मागे येतो, म्हणून शॉकअप बदलले जातात. थोडे दिवस बरं जातं. मग पुन्हा तेच, म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. परत थोडे दिवस बरं. मग कुणीतरी जाड स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं अडवणारी दांडी) किंवा लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी स्प्रिंग) सुचवतं. ते बसवल्यावर झुकणं कमी होतं खरं, पण ओल्या रस्त्यावर गाडी भलतीकडेच घसरायला लागते आणि खड्ड्यावरून गेली की उडते. इथवर येईपर्यंत खिसा बराच हलका झालेला असतो आणि मूळ दोष होता तिथेच असतो.

पार्ट कोणता टाकायचा हा प्रश्न नंतरचा. दोष वळणाच्या कोणत्या टप्प्यात येतो, हे आधी पकडायला हवं. टायर, शॉकअप, स्प्रिंग, स्टॅबिलायझर बार आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांमधली रबरी बैठक) यांची कामं वेगवेगळ्या क्षणांची आहेत, आणि एकाचं दुखणं दुसऱ्याच्या औषधाने जात नाही.

वळणात नेमकं कधी?

यासाठी मोकळं, रिकामं, वाहतूक नसलेलं पटांगण शोधा. रहदारीच्या रस्त्यावर हे प्रयोग करू नका. मोठं वर्तुळ धरा, कमी वेगाने सुरुवात करा आणि स्टिअरिंग एकाच जागी धरून वेग हळूहळू वाढवा. वेगाचं गणित डोक्यात असू द्या: वळणाची त्रिज्या तीच असेल तर बाजूचं बल वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे ६० वरून ७२ वर गेलात तर वेग २० टक्केच वाढतो, टायरवरची मागणी मात्र ४४ टक्के वाढते. म्हणून 'थोडाच तर वेग होता' हे वाक्य वळणावर फसवं असतं.

स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर काहीच करत नाही आणि मग एकदम झुकते, असं होत असेल तर दोष वळणात शिरतानाचा आहे. संशय घ्यायचा तो टायरमधली कमी हवा, सैल बुश, स्टॅबिलायझर बारचे झिजलेले रबर, स्टिअरिंग रॅकमधला (चाकं वळवणाऱ्या दांड्यामधला) प्ले म्हणजे सैलपणा आणि थकलेले शॉकअप यांच्यावर.

लांबलचक, एकसारख्या वळणात गाडी एका कोनात झुकून स्थिर आहे आणि तो कोनच तुम्हाला खटकतो, तर इथे शॉकअपचा काही संबंध नाही. शॉकअप फक्त हालचालीला विरोध करतो. गाडी झुकून स्थिर झाली की त्याच्यातला पिस्टन जागेवर थांबलेला असतो, आणि मग झुकणं अडवतात ते स्प्रिंग आणि बार. महागडे शॉकअप टाकूनही 'गाडी तेवढीच झुकते' अशी ओरड का होते, त्याचं उत्तर इथे आहे. गाडी झुकायला वेळ जास्त घेते, पण शेवटी झुकते तितकीच.

याच स्थिर वळणात आणखी एक गोष्ट बघायची. वेग वाढला की नाक बाहेर जायला लागतं आणि स्टिअरिंग जास्त वळवावं लागतं, की मागचा भाग बाहेर यायला लागतो आणि स्टिअरिंग सोडावं लागतं? पहिल्याला अंडरस्टिअर म्हणतात, दुसऱ्याला ओव्हरस्टिअर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्या मुद्दाम अंडरस्टिअरकडे झुकवलेल्या असतात, कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो आणि त्याने नाक आपोआप आत येतं. मागचा भाग सुटला तर एवढ्या सहज सावरत नाही.

वळणाच्या मध्यावर रस्त्याला उंचवटा आला आणि गाडी बाजूला उडी मारून गेली, तर बंप स्टॉप (शॉकअप तळाला आपटू नये म्हणून असलेला ठोकळा), मेलेले शॉकअप किंवा जास्त खाली केलेली गाडी, यांपैकी काहीतरी. डावं-उजवं अशा नागमोडी वळणात पहिलं झुकणं ठीक आणि दुसरं जास्त वाटलं, तर तो जवळजवळ नक्की शॉकअपचा दोष. स्प्रिंगमध्ये साठलेली पहिल्या वळणाची ऊर्जा त्याला वेळेत जिरवता आलेली नसते.

झुकणं वेगळं, पकड वेगळी

हा भाग थोडा आकड्यांचा आहे, पण याच्याशिवाय बार आणि स्प्रिंग निवडणं म्हणजे अंधारात तीर.

समजा गाडी ११०० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सें.मी. वर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४७ सें.मी. आहे. वळणात बाजूचं बल गाडीच्या वजनाच्या निम्मं आलं, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन साधारण २०६ किलो. हा आकडा काढताना वजन, उंची, रुंदी आणि बाजूचं बल एवढंच लागतं. स्प्रिंगची ताकद त्यात कुठेही नाही. तुम्ही स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी जवळपास तेवढंच वजन बाहेर सरकणार, फक्त गाडी कमी झुकलेली दिसेल. गाडी ३ सें.मी. खाली घेतली तर २०६ चे सुमारे १९५ होतात. फायदा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही.

मग बार टाकल्याने फरक पडतो तो कसा? टायरवर वजन दुप्पट केलं तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे एका ॲक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीत) बाहेरच्या टायरवर जितका जास्त बोजा सरकेल, तितकी त्या ॲक्सलची एकूण पकड घटते. सरकणारे २०६ किलो पुढच्या आणि मागच्या ॲक्सलने कसे वाटून घ्यायचे, हे स्प्रिंग आणि बार ठरवतात. पुढचा बार जाड केला की पुढच्या ॲक्सलच्या वाट्याला जास्त बोजा येतो, पुढची पकड घटते, अंडरस्टिअर वाढतो. मागचा जाड केला की उलट. नाक बाहेर जातं म्हणून पुढे जाड बार टाकणारे लोक दोष वाढवून घेतात आणि मग बारच्या नावाने बोटं मोडतात.

याला अपवाद आहे. काही स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेली रचना) असलेल्या गाड्या इतक्या झुकतात की बाहेरचं पुढचं टायर पायाच्या बाहेरच्या कडेवर उभं राहिल्यासारखं तिरकं होतं. तिथे पुढचं झुकणं कमी केल्याने टायर रस्त्यावर सपाट बसतं आणि तो फायदा बोजाच्या तोट्यापेक्षा मोठा ठरतो. ओळखायचं कसं? पुढच्या टायरची बाहेरची कड, अगदी खांद्यापर्यंत, मधल्या भागापेक्षा लवकर झिजली असेल आणि हवा व टो (वरून बघता चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बरोबर असतील, तर तुमची गाडी या गटातली आहे.

बारच्या जाडीबद्दल एक आकडा लक्षात ठेवावा. भरीव बारचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मि.मी.चा बार २२ चा केला तर व्यास १० टक्केच वाढला, पण बार सुमारे ४६ टक्के कडक झाला. 'दोनच मिलिमीटर तर जाड आहे' म्हणून हलक्यात घेऊ नका. शिवाय बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधतो. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर तो गप्प बसतो, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्या बाजूला पोचवतो. खराब रस्त्यावर फार जाड बारची गाडी प्रवाशांची डोकी डावीकडे-उजवीकडे हलवत राहते.

आधी टायर

इथे फार वेळ घालवत नाही, पण वगळूही नका. हवा थंड टायरमध्ये तपासा, कारण टायर तापला की साधारण दर ५-६ अंशांमागे १ पीएसआय वाढतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढच्या-मागच्या टायरचे वेगळे आकडे दिलेले असतील तर ते वेगळेच ठेवा. सगळीकडे सारखी हवा भरून दिली की गाडीचा मूळ तोलच बदलतो. पुढे हवा कमी असेल तर नाक बाहेर जातं, मागे कमी असेल तर शेपूट हलतं, आणि ही लक्षणं सस्पेन्शनच्या दोषासारखी हुबेहूब दिसतात.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असूनही रबर कडक झालेलं टायर वळणावर किंचाळतं आणि सुटतं. एका ॲक्सलवर दोन वेगळ्या जातीची टायर नकोत. दोनच नवी घ्यायची असतील तर ती मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी.

आता तळहात टायरच्या नक्षीवर आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने हात सुळकन गेला आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर टो बिघडलेला आहे. गोलाईवर ठरावीक अंतराने खळगे-उंचवटे लागले तर चाक रस्त्यावर नाचत होतं, म्हणजे शॉकअप किंवा बॅलन्सिंग. मशीनवर गाडी चढवण्याआधीच एवढी माहिती हाताला मिळते.

गाडीखाली: दोष परत परत येतो तो इथून

अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. लोअर आर्मचं (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचं) बुश फाटलेलं असलं तरी उभ्या गाडीत चाक जागेवरच असतं, आकडे सगळे हिरवे येतात. रस्त्यावर ब्रेक लागला किंवा वळणाचा जोर आला की तोच आर्म मागे सरकतो, टो बदलतो आणि गाडी स्वतःच स्टिअरिंग फिरवल्यासारखी वागते. म्हणून बुश तपासल्याशिवाय अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया. आणि हो, अलाइनमेंटवाल्याने 'सगळं ओके' म्हटलं यात तो खोटं बोलत नसतो. मशीनला जे दिसतं तेवढंच तो सांगतो.

बुश बघायचं ते पहार लावून. गाडी रॅम्पवर घ्या, लोअर आर्म आणि सबफ्रेम (आर्म जिला बसतो ती गाडीखालची चौकट) यांच्या मध्ये पहारीचं टोक अडकवा आणि दाब द्या. रबर थोडं हललं तर चालतं, ते त्याचं कामच आहे. पण दाब दिल्यावर रबर आणि आतल्या लोखंडी नळीच्या मध्ये काळी फट उघडताना दिसली, किंवा आर्म सैल टकटकला, तर बुश गेलं. वरून निरीक्षण करून हे कळत नाही, कारण गाडीच्या वजनाने ती फट मिटलेली असते. मागच्या बाजूचं मोठं बुश आधी बघा, ब्रेकचा मार तेच जास्त खातं.

बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) तपासायला चाक अधांतरी घ्या, वर आणि खाली धरून हलवा आणि दुसऱ्या माणसाला जॉइंटजवळ बोट ठेवायला सांगा. प्ले जाणवला तर ब्रेक दाबून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर बॉल जॉइंट निर्दोष, व्हील बेअरिंग गेलंय. ब्रेक दाबूनही राहिला तर जॉइंट किंवा वरचं माउंट (स्ट्रट वर बॉडीला बसतो तो भाग). डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खडखड आली तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा रॅकच्या आतला जॉइंट.

स्टॅबिलायझर बारची लिंक रॉड (बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) तपासताना लोक एक चूक हमखास करतात: एकच चाक उचलतात. मग बार पिळलेला राहतो, लिंक ताणलेली राहते आणि प्ले लागतच नाही. दोन्ही चाकं एका पातळीत ठेवा, मग लिंक हाताने हलवा. बार जिथे सबफ्रेमला बांधलेला असतो तिथलं रबरही बघा. ते झिजून बार आत खुळखुळत असेल तर गाडी सुरुवातीला मोकळी झुकते आणि मग बार एकदम पकडतो. वळणात शिरताना तो झटका बसतो, आणि त्यावर उपाय म्हणून लोक जाड बार विकत घेतात. रबर आणि लिंक रॉड बदलून मूळ बारनेच काम भागतं, असं कितीतरी वेळा होतं.

आता बुश बदलूनही ती लवकर का जातात? माझ्या मते परत परत येणाऱ्या दोषाचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. लोअर आर्मच्या साध्या रबरी बुशमध्ये रबर बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीही घसरत किंवा फिरत नाही, रबर स्वतः पिळलं जातं. बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेमला घट्ट धरली जाते. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळलेली आणि त्या स्थितीत बोल्ट एअर गनने फुल टाइट केला, तर रबराची मोकळी स्थिती लोंबकळलेल्या आर्मची ठरते. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं. उभ्या गाडीतही ते ताण सोसत असतं आणि प्रत्येक खड्ड्यावर आणखी पिळलं जातं. असं बुश कधी फाटतं ते कळतही नाही. बरोबर पद्धत अशी: बोल्ट हाताने धरेपर्यंतच लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची किंवा आर्मखाली जॅक लावून चाक चालत्या उंचीपर्यंत उचलायचं, गाडी थोडी हलवून बसू द्यायची, आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्याला आवळायचं. मेकॅनिकला हे आधीच सांगा. नंतर सांगून उपयोग नाही.

शॉकअपचंही असंच. बॉनेट दाबून सोडायची चाचणी फक्त पार मेलेला शॉकअप दाखवते, अर्धमेला पास होतो. अंगावर तेलाचा बारीक ओलावा चालतो, थेंब ओघळलेले नाहीत. नवा शॉकअप काही आठवड्यांत गळायला लागला तर बसवतानाची एक गोष्ट विचारा: वरचा नट आवळताना दांडा फिरत होता, तेव्हा तो पकडीने धरला होता का? दांड्यावरच्या क्रोमला ओरखडा पडला की तो प्रत्येक हालचालीत सील खरवडतो. बंप स्टॉप आणि धूळ अडवणारं रबरी कव्हर जुनंच ठेवलं असेल तरी हाच शेवट. विरघळून तुकडे झालेला बंप स्टॉप म्हणजे शॉकअप प्रत्येक मोठ्या खड्ड्यात तळाला आपटणार.

स्ट्रट माउंटचं बेअरिंग बघायला इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग पूर्ण फिरवायला सांगा आणि बाहेरून स्प्रिंगकडे बघा. स्प्रिंग स्टिअरिंगबरोबर सुरळीत फिरली पाहिजे. ती अडकून, पिळून, टंग आवाज करत परत येत असेल तर बेअरिंग जाम आहे. अशी गाडी वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग नीट सोडत नाही आणि सरळ रस्त्यावर सारखी सावरत बसावी लागते.

मागे ट्विस्ट बीम ॲक्सल (मागची दोन्ही चाकं एकाच पिळणाऱ्या तुळईने जोडलेली) असेल तर तपासायला फार काही नसतं, दोन मोठी बुशं एवढीच. पण ती थकली की वळणात अख्खा ॲक्सल किंचित तिरका होतो आणि मागची चाकं स्वतः वळतात. लेन बदलताना मागचा भाग 'पाय ओढत' येतो असं वाटतं ते यामुळे. मागच्या चाकांचा टो बहुतेक अशा गाड्यांत ॲडजस्ट होत नाही, म्हणून अलाइनमेंटवाला तो मोजून सोडून देतो. कागदावरचा मागचा आकडा मागून घ्या. मागे टो-आउट (चाकं पुढून बाहेर फाकलेली) असेल तर पुढे कितीही खर्च करा, गाडी स्थिर होणार नाही.

आता अपग्रेड

मूळ सस्पेन्शन धडधाकट आहे याची खात्री झाल्यावर अपग्रेडचा विचार. बऱ्याच गाड्यांचा प्रश्न इथवर येईपर्यंतच मिटलेला असतो.

सगळ्यात जास्त फरक चांगल्या टायरने पडतो आणि त्याच्या खालोखाल नीट जुळलेल्या शॉकअपने. दोन्ही ॲक्सलवर जोडीनेच. अलाइनमेंटच्या आकड्यांत गाडीला कंपनीने दिलेल्या मर्यादेतच खेळता येतं: पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा तिरकेपणा) निगेटिव्हच्या, म्हणजे वरून आत झुकण्याच्या टोकाकडे, दोन्ही बाजू सारख्या, कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) जितका मिळेल तितका, मागे शून्य किंवा किंचित टो-इन (चाकं पुढून आत वळलेली). पुढे थोडा टो-आउट दिला तर गाडी वळणात चटकन शिरते, पण सरळ रस्त्यावर चुळबुळ करते आणि टायर खाते. रोजच्या गाडीला मी तो देणार नाही.

यानंतरही नाक बाहेर जात असेल तर मागचा बार, एकच पायरी जाड. पावसात चालवून बघा आणि मगच पुढचं ठरवा. मागची टायर जुनी असतील तर मागचा बार जाड करायचाच नाही, वळणात ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचा भाग फिरेल.

स्प्रिंगच्या बाबतीत सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे कापायचा. सहा चालते वेढे असलेल्या स्प्रिंगमधला एक कापला तर ती २० टक्के कडक होते हे खरं, पण कापलेलं टोक बैठकीत बसत नाही, आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. वेढ्यांमध्ये कोंबायचे रबरी बफर तेवढे घातक नाहीत, पण ते काही वेढे अडवून उरलेल्यांवर सगळा ताण टाकतात आणि वळणाच्या मध्यावर स्प्रिंग अचानक कडक करतात. बोजा वाहून वाकलेली मागची स्प्रिंग लपवायला लोक ते वापरतात. बदला ना स्प्रिंग.

लोअरिंग स्प्रिंग टाकायच्या असतील तर मूळ शॉकअप ठेवू नका. स्प्रिंग कडक झाली की ती परत फेकतानाचा जोरही वाढतो. मूळ शॉकअपला तो आवरत नाही, आणि गाडी खाली दिसते पण बोटीसारखी तरंगते. फक्त पुढे कडक स्प्रिंग टाकणंही टाळा. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना दाखवून दिलं होतं की मागच्या स्प्रिंगची आंदोलनं पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवली तर उंचवट्यानंतर गाडी लवकर समतल होते, कारण मागचं चाक उंचवट्यावर उशिरा पोचतं आणि त्याला पुढच्याला गाठायचं असतं. फक्त पुढची बाजू कडक केली की हे गणित उलटतं आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलते.

किती खाली? स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्मकडे बघून ठरवा. आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं की जास्त झालं. त्या कोनात गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, दोघांतलं अंतर वाढतं आणि झुकवणारी तरफ लांब होते. म्हणजे गाडी खाली घेतली आणि झुकायची प्रवृत्ती वाढली. शिवाय टाय रॉडचा कोन बिघडून प्रत्येक उंचवट्यावर चाक थोडं वळतं. आणि बंप स्टॉपपर्यंतचं अंतर कमी झाल्याने वळणात झुकतानाच बाहेरचं चाक त्याच्यावर टेकतं. टेकलं की तो कोपरा एकदम दगड होतो आणि त्या ॲक्सलची पकड झटक्यात सुटते. 'वळणाच्या मध्यापर्यंत मस्त, मग अचानक सुटली' या वर्णनाचा अर्थ बहुधा हाच. तपासायला शॉकअपच्या दांड्यावर ग्रीसचा पातळ थर लावा, एक फेरी मारा आणि दांडा कुठवर आत गेला त्याची खूण बघा.

ॲडजस्टेबल कॉइलओव्हरची (शॉकअपवरच चढवलेली, उंची बदलता येणारी स्प्रिंग) रिंग वर फिरवून 'स्प्रिंग कडक केली' म्हणणारे बरेच भेटतात. साध्या एकसारख्या स्प्रिंगच्या कॉइलओव्हरमध्ये त्याने उंची बदलते, कडकपणा नाही. शॉकअपचा नॉब पूर्ण कडकवर नेऊन ठेवणंही चुकीचं. चाक रस्त्याचा आकार धरू शकत नाही, उड्या मारतं, आणि हवेत असलेल्या टायरला पकड नसते. मधून सुरुवात करा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.

पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिक) बुशने स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो. बदल्यात आवाज आणि कंप आत येतो, आणि सिलिकॉन ग्रीस न लावता बसवली तर ती कुरकुरतात. यातली बरीचशी नळीभोवती मोकळी फिरतात, त्यामुळे चालत्या उंचीवर आवळायचा नियम त्यांना तितका लागू नाही. स्ट्रट बारकडून (दोन्ही स्ट्रटची वरची टोकं जोडणाऱ्या दांडीकडून) फार अपेक्षा ठेवू नका, बॉडी आधीच ताठ असलेल्या गाडीत त्याचा फरक शोधावा लागतो. मोठ्या रिमने टायरची भिंत आखूड होऊन प्रतिसाद सुधारतो, पण चाक जड झालं तर खराब रस्त्यावर शॉकअपचं काम वाढतं, आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतं ते माप) बदलला तर ब्रेक लावताना स्टिअरिंग हाताला ओढतं.

उंच गाड्यांच्या मालकांसाठी एक जुनी गोष्ट. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या 'टेक्निकेन्स वॅर्ल्ड' मासिकाच्या चाचणीत, रस्त्यात अचानक आलेला अडथळा चुकवण्याची हालचाल करताना, नवी मर्सिडीझ ए-क्लास उलटली. कंपनीने सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि त्याच्याबरोबर ईएसपी ही स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सगळ्या ए-क्लासना दिली. उंच गाडीला कडक स्प्रिंग लावून तिची उंची पुसता येत नाही.

ही यंत्रणा असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगचं मधलं स्थान बदललं असेल, तर स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनर लावून पुन्हा शून्यावर आणायला सांगा. नाहीतर गाडी सरळ चालली असताना यंत्रणेला ती वळतेय असं वाटतं, आणि एका बाजूच्या वळणात ती नको तेव्हा ब्रेक लावते. लोकांना तो सस्पेन्शनचा दोष वाटतो.

आणि एवढं सगळं ठीक असूनही दोष फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या वळणातच येत असेल, तर आधी पुढची टायर आपसात बदलून बघा, टायर एकाच दिशेने फिरणारी नसतील तर. दोष बाजू बदलून गेला की टायर. नाही गेला तर दोन्ही बाजूंचा कॅम्बर आणि कॅस्टर एकमेकांशी ताडून बघा, अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक संशयास्पद. मग सबफ्रेमचे बोल्ट आणि त्यांच्या भोवतीचा रंग बघा. वॉशरखालून उघडं, चकचकीत लोखंड दिसत असेल तर सबफ्रेम सरकलेली आहे. गाडी कधी ठोकलेली असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा आणि चासीचं माप घेणाऱ्याकडे न्या. वाकलेल्या गाडीवर नवा शॉकअप चढवू नका.